गव्हाणीतला पेंढा आणि नाताळची आरास



चैत्राच्या उन्हात नाताळच्या आराशीविषयी बोलावयाचे, म्हणजे भर पावसात पतंगाचे शास्त्र सांगण्यासारखे आहे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु आजचा विषय घरी करावयाच्या आराशीचा आहे. बाजारच्या आराशीचा हंगाम डिसेंबरात येतो; घरच्या आराशीचा हंगाम आत्ताच सुरू होतो. गव्हाची कापणी नुकतीच उरकत आली आहे. मृगबहाराची संत्री बाजारातून जाऊ लागली आहेत. लग्नसराई असल्यामुळे जाड, गुळगुळीत कागदाच्या पत्रिका घरोघर येऊन पडत आहेत. आज जे राखून ठेवावे ते डिसेंबरात हाती असते, आणि आज जे फेकून द्यावे त्याच्या जागी तेव्हा काहीतरी विकत आणावे लागते.

ज्यांच्या घरी नाताळ होतो त्यांना या व्याख्यानातील कृती थेट उपयोगी पडतील. ज्यांच्या घरी तो होत नाही त्यांनाही दिवाळीचा कंदील आहे, गौरी-गणपतींची मखरे आहेत, मुलांच्या सुट्या आहेत. हाताचे काम शिकताना ते कोणत्या सणासाठी आहे हे फारसे आड येत नाही.

प्रथम एक मूळ गोष्ट ध्यानात घेऊ. येशूच्या जन्माची जी कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे तिच्यात बाळाला निजविण्यास पाळणा मिळाला नाही. त्याला गुरांच्या गव्हाणीत ठेविले. गव्हाण हा शब्द आपल्या शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको. गुरांच्या वैरणीची ती जागा. पुढे 1223 साली इटलीतील ग्रेच्चो नावाच्या गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने या प्रसंगाचा देखावा उभा केला, तेव्हा त्याने सोने-रेशीम मागविले नाही. गवताने भरलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव, एवढेच साहित्य त्याने मांडले. आज घरोघरी मांडले जाणारे नाताळचे देखावे याच परंपरेतले आहेत. सारांश, काडी, पेंढा, गवत हे या सणाचे अगदी आरंभापासूनचे द्रव्य आहे. गरिबाने नाइलाजाने पेंढा वापरला आणि श्रीमंताने त्याच्या जागी काच बसविली असे जरी झाले असले, तरी कथेच्या दृष्टीने पेंढाच अस्सल ठरतो.

नाताळच्या झाडाचा इतिहास हेच सांगतो. ऱ्हाइन नदीकाठच्या स्ट्रासबुर्ग शहरातील 1605 सालचे एक वर्णन प्रसिद्ध आहे. लोक दिवाणखान्यात सूचिपर्णी झाडे उभी करीत आणि त्यांवर रंगीत कागदाची गुलाबफुले, सफरचंदे, पातळ पापडीसारख्या वड्या, सोनेरी वर्ख आणि साखरेची खेळणी टांगीत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे झाडावर जे काही होते ते बहुतेक घरातल्या फळीवरचे किंवा कात्रीतून निघालेले होते. सण संपला की फळे मुलांच्या पोटात जात आणि झाड चुलीत जाई.

मग काचेचे गोळे कोठून आले? जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचे काच फुंकणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. झाडाला लावावयास अक्रोड-सफरचंदे घेण्याइतके पैसे नसल्यामुळे तेथील एका कारागिराने ती काचेची फुंकून काढली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी 1848 सालच्या तेथील एका मागणीवहीत सहा डझन नाताळगोळ्यांची नोंद सापडते. पुढे 1880 च्या सुमारास वूलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने हे गोळे आपल्या दुकानात ठेविले आणि त्यांचा मोठा व्यापार झाला. दुसरे महायुद्ध सुरू होताच जर्मनीतून माल येईनासा झाला. तेव्हा विजेच्या दिव्यांचे काचगोळे ज्या यंत्रांवर निघत त्याच यंत्रांवर अमेरिकेत नाताळचे गोळे निघू लागले. युद्धात धातूची टंचाई पडली तशी या गोळ्यांच्या आतला चंदेरी लेप नाहीसा झाला आणि वरची धातूची टोपी जाऊन तेथे कागदाची टोपी आली. त्याच काळात ब्रिटनमधील गृहिणी हिरव्या डहाळ्या विलायती मिठाच्या दाट पाण्यात बुडवून वाळवीत. पाणी उडून गेले की मिठाचे स्फटिक पानांवर चमकत आणि डहाळीवर हिमकण पडल्याचा भास होई. सण बाजारावाचून अडत नाही, हे ध्यानात येण्यास असा टंचाईचा काळ यावा लागतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. घरच्या आराशीचा माझ्या मते एकच नियम आहे. हाती आलेल्या वस्तूचा अंगचा गुण ओळखावा आणि तोच वाढवावा. काडी पोकळ व ताठ असते. कागदाला घडी राहते. करवंटीला वाटीचा आकार असतो. बांबूची कामटी वाकते पण तुटत नाही. या गुणांवर रंगाचे व चकाकीचे थर देऊन ते झाकून टाकले म्हणजे वस्तूही जाते आणि आरासही उभी राहत नाही.

गव्हाच्या काडापासून आरंभ करू. फिनलंडमध्ये राईच्या काडांची छतास टांगावयाची एक रचना करतात, तिला हिम्मेली म्हणतात. स्वीडिश भाषेतील आकाशवाचक शब्दापासून हे नाव आले आहे. नाताळात जेवणाच्या मेजावर ती टांगीत आणि पुढच्या वर्षी राई भरघोस यावी म्हणून उन्हाळ्यापर्यंत तशीच राहू देत. लिथुआनियात अशाच रचनेला सोदास, म्हणजे बाग, असे म्हणतात. तेथील ही कला 2023 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. राई आपल्याकडे होत नाही. गव्हाच्या काडाने मात्र हे काम उत्तम होते. भाताचा पेंढा मऊ पडतो. गव्हाचे काड सरळ, पोकळ आणि आपल्या अंगच्या सोनेरी झाकेचे असते.

मळणीयंत्रातून निघालेला भुसा येथे निरुपयोगी आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून मळणीपूर्वीच दोन मुठी काडे विळ्याने कापून घ्यावीत. वरची पाने सोलून काढावीत, गाठी कापून टाकाव्यात आणि दोन गाठींमधले पेर तेवढे ठेवावे. ही पेरे कोरड्या जागी, उंदरांपासून दूर, कागदात गुंडाळून ठेविली की डिसेंबरापर्यंत टिकतात. कामाच्या वेळी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावीत, म्हणजे सुई ओवताना चिरफळत नाहीत.

चार बोटे लांबीची अगदी सारखी बारा पेरे घ्यावीत. पैकी चार पेरे दोऱ्यात ओवून त्यांचा चौकोन बांधावा. हा चौकोन हातात धरला तर तो लगेच तिरका होईल, होऊ द्यावा. आता प्रत्येक कोपऱ्यापासून एकेक पेर वर न्यावे आणि चारींची टोके एकत्र बांधावीत. त्याचप्रमाणे चार पेरे खाली नेऊन त्यांचीही टोके बांधावीत. शेवटची गाठ बसताक्षणी मघाचा लटपटता चौकोन एकदम ताठ होतो. सहा कोपरे आणि आठ त्रिकोण असलेली एक आकृती आपल्या हातात येते. मुलांना हे करून दाखवावे, कारण येथे भूमितीतील एक मोठा सिद्धांत बोटांना कळतो. चौकोनाच्या बाजू तशाच ठेवून त्याचे कोन बदलता येतात; त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की त्याचे कोनही ठरून जातात. आपल्या कौलारू घरांची कैची याच कारणाने त्रिकोणी असते. अशा पाच-सात आकृत्या लहानमोठ्या करून एकाखाली एक टांगल्या, तर त्या इतक्या हलक्या असतात की माणूस शेजारून गेला तरी सावकाश फिरू लागतात. त्यांना रंग देण्याची काहीएक गरज नाही. दिव्याच्या उजेडात काडाची झाक सोन्याची जागा घेते.

दुसरे साहित्य कागद. डेन्मार्कमध्ये झाडाला टांगावयास कागदाची विणलेली हृदये करतात. ज्ञात असलेल्यांपैकी सर्वांत जुने हृदय परीकथाकार हान्स क्रिस्टियन अँडरसन याने 1860 साली केलेले आहे. तो कात्रीने कागद कापून चित्रे काढण्यातही तरबेज होता. या हृदयासाठी लग्नपत्रिकेचा फार जाड कागद घेऊ नये; तिचे पाकीट, दिनदर्शिकेचे उलटून गेलेले पान किंवा भेटवस्तूवरचे वेष्टन चांगले. दोन रंगांचे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येक दुमडून दुहेरी करावा आणि घडीची बाजू आपल्याकडे धरावी. रुंदी तीन बोटे असेल, तर घडीच्या बाजूने तीन बोटांपेक्षा किंचित अधिक लांबीचे दोन चीर द्यावेत, म्हणजे एकेका बोटाच्या तीन पट्ट्या होतील. दुसरे टोक गोलाकार कापावे. चिरेची लांबी आणि कागदाची रुंदी सारखी ठेवावयाचे कारण असे की दोहोंची वीण होते तो भाग बरोबर चौरस आला पाहिजे. चीर आखूड पडली तर वीण आवळते आणि कागद फाटतो.

आता दोन्ही तुकडे एकमेकांशी काटकोनात धरून विणावयाचे. चटईच्या विणीत पट्टी दुसरीच्या वरून आणि खालून जाते. येथे पट्टी दुहेरी आहे, म्हणून ती एकदा दुसरीच्या पोटातून जाते आणि एकदा दुसरीला आपल्या पोटात घेते. पुढच्या पट्टीला क्रम उलटा. तिसऱ्या पट्टीला पुन्हा पहिल्यासारखा. वीण बरोबर झाली असेल तर हृदय मधोमध उघडते आणि त्याची पिशवी होते. कागदाची एक मूठ खळीने चिकटविली की तीत चार बदाम किंवा दोन लिमलेटच्या गोळ्या मावतात. न उघडल्यास एखादी पट्टी पोटाऐवजी पाठीवरून गेली आहे असे समजावे आणि तेवढीच सोडवून घ्यावी. जाड पत्रिकांचा उपयोग चांदण्या व घंटा कापण्यास करावा. त्यांवरची सोनेरी वेलबुट्टी आयतीच मिळते. मात्र पत्रिकेवरील देवांच्या चित्रांना कात्री लावण्याचे टाळावे, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरे साहित्य म्हणजे फळांची व बियांची कवचे. जर्मन घरांत अक्रोडाची कवचे सोनेरी करून झाडास लावीत. बरोबर दोन भाग झालेले कवच मुळीच फेकू नये; एका भागात कापसाची गादी घातली की तो बाळाचा पाळणा होतो. संत्र्याची साल ओली असतानाच सपाट करून तिच्या चांदण्या कापाव्यात, दोऱ्यासाठी भोक पाडावे आणि वजनाखाली सुकवाव्यात. वजन ठेविले नाही तर त्या वाळताना वळतात. आत्ता केलेल्या चांदण्या पावसाळ्यात बुरसतील, म्हणून त्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

यातच एका जिवंत आराशीचा उल्लेख केला पाहिजे. गोव्यातील अनेक ख्रिस्ती घरांत देखाव्यातील शेते दाखविण्यासाठी नाचणी पेरून तिचे कोवळे हिरवे रोप उगवितात. फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स प्रांतात 4 डिसेंबर रोजी, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू भिजत घालतात आणि नाताळपर्यंत तो हिरवागार उभा राहतो. घटस्थापनेला धान्य पेरणाऱ्या आपल्या घरांना या दोन्ही रीती नवख्या वाटणार नाहीत. करवंट्या, फुटलेल्या कपांच्या बश्या, डब्यांची झाकणे यांत बोटभर माती घालून सणाच्या दहा-बारा दिवस आधी नाचणी पेरावी आणि रोज थोडे पाणी शिंपडावे. या गवतात गव्हाण ठेविली की देखावा पुरा झाला. सणानंतर सगळे बागेत जाते.

चौथे काम थोडे मोठे, म्हणून ते घरातल्या दोघांनी मिळून करावे. ते म्हणजे दारावरचा तारा. वसईत, मुंबईत, गोव्यात नाताळच्या दिवसांत दारोदार हे तारे लागतात. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद हे त्याचे जुने साहित्य. दिवाळीच्या आकाशकंदिलाचेही तेच. फिलिपाइन्स बेटांवर पारोल नावाचा जो तारा करतात त्याची जुनी घडणही बांबू आणि पातळ कागद यांचीच आहे. जर्मनीतील हेर्नहूट पंथाच्या शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुलांना भूमिती शिकविता शिकविता कागदाचा अनेक टोकांचा तारा जन्मास आला. समुद्रांनी दूर ठेविलेल्या या लोकांनी आपापल्या गावच्या साहित्यातून एकच वस्तू घडविली.

कृती अशी. एका लांबीच्या दहा कामट्या तासून घ्याव्यात. पाटीवर लेखणी न उचलता आपण जशी चांदणी काढतो तशा पाच कामट्या मांडून टोके सुताने बांधावीत. तशीच दुसरी चांदणी करावी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके एकत्र बांधावीत. मध्यभागी कामट्या जेथे एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी, पुढच्या व मागच्या चांदणीच्या मध्ये, चार-चार बोटांचे टेकू बसवावेत. टेकू बसताच सपाट चांदणीला पोट येते आणि तारा दोन्ही बाजूंनी फुगतो. सगळी युक्ती या पाच टेकूंत आहे. नंतर गव्हाच्या पिठाच्या खळीने कागद चिकटवावा. खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत होती, परंतु मुले हात तोंडात घालतात, म्हणून ती टाळावी. पतंगाचा कागद नसेल तर जुन्या पातळ साडीचा किंवा धोतराचा तुकडा ताणून लावावा. दिवा आत ठेवण्यास मागची एक बाजू उघडी राखावी.

दिव्याविषयी सावध राहिले पाहिजे. पूर्वी झाडांवर खऱ्या मेणबत्त्या लावीत आणि त्यांपायी घरे जळत. 1882 साली न्यू यॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरच्या झाडावर ऐंशी रंगीत विद्युतदिवे लावले, तेथून ही भीती कमी होऊ लागली. काड, कागद आणि सुकी साल ही चटकन पेटणारी द्रव्ये आहेत. त्यांच्याजवळ मेणबत्ती वा पणती कदापि ठेवू नये. आज मिळणारा लहान एलईडी दिवा जुन्या दिव्यापेक्षा फारच कमी तापतो. कागदी ताऱ्यात तोच लावावा, आणि तारेचे वेष्टन फाटलेले नाही ना हे आधी पाहावे.

शेवटी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. 'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग आता शाळाशाळांतून ऐकू येतो. त्याच्या नावाखाली पुष्कळदा असे होते की एक रिकामी बाटली कामी लावण्यासाठी दुकानातून डिंकाच्या चार नळ्या, थर्माकोलचे गोळे, चकाकीची डबी आणि रंगाचा फवारा आणला जातो. बाटली भंगारवाल्याने घेतली असती. तिच्यावर हे सगळे चिकटल्यावर तिला तोही घेत नाही. ज्या कचऱ्याला वाट होती त्याची वाट आपणच बंद केली. महाराष्ट्र शासनाने 2018 साली थर्माकोलच्या व एकदा वापरून टाकावयाच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आणली, तीत सजावटीचे थर्माकोलही होते. युरोपीय संघाने 2023 च्या ऑक्टोबरपासून सुट्या प्लास्टिक चकाकीच्या विक्रीवर निर्बंध घातले, कारण तिचे कण पाण्यातून व मातीतून पुन्हा वेचून काढता येत नाहीत. कायद्याने जे करावे लागले ते घराने आधीच ओळखावयास हवे होते.

म्हणून कोणतीही आरास हाती घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोठून आली आणि सणानंतर ही कोठे जाईल? काड खतात जाते. कागद रद्दीत जातो. नाचणी मातीत जाते. कामट्यांचा सांगाडा माळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी फक्त नवा कागद मागतो. चिकटविण्याऐवजी बांधावे, रंगविण्याऐवजी अंगचा रंग राखावा, एवढे सांभाळले की दोन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

यात पैशांची बचत होते हे खरे, पण ती फार मोठी नाही. बाजारात कागदी चांदणी स्वस्तात मिळते. दुसरी मिळकत मात्र बाजारात नाही. आजी, सून आणि नातवंडे एका चटईवर बसून काडे निवडतात, मोठा मुलगा धाकट्याला गाठ मारावयास शिकवितो, शेजारचा मुलगा कामटी धरावयास येतो आणि दिवाळीत कंदिलाच्या वेळी हाच मुलगा आपल्या घरच्या कामाला हाक मारतो. सण आपल्या घरी होतो याचा अर्थ तो आपल्या हातून होतो असा जेव्हा होता, तेव्हा ही ये-जा आपोआप घडत असे. आता ती ठरवून घडवावी लागेल.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक जुने खोके रिकामे करावे आणि त्यावर 'नाताळ' असे लिहावे. ज्यांना हवे त्यांनी 'दिवाळी' लिहावे. येत्या आठवड्यात त्यात दहा पत्रिका, दोन मुठी गव्हाची काडे आणि चार करवंट्या पडल्या, तर आजचे हे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.